जीबीएसमधून बाहेर येताना: तपासण्या, कागदपत्रे आणि मज्जातंतूंचा वेग

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावसजवळच्या आमच्या वाडीत माझ्याकडे विचारपूस करणाऱ्यांची रीघ लागली. जीबीएस म्हणजे गिया-बारे सिंड्रोम: शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडत जातात. तो झालेला माणूस म्हणून आमच्या पंचक्रोशीत तोवर मीच एकटा माहीत होतो. कोणाच्या भाच्याचे पाय लटपटत होते, कोणाच्या सासूबाईंच्या हाताला रात्री मुंग्या येत होत्या, आणि हा तोच आजार का, असला तर कुठे जायचे, एवढेच प्रत्येकाला विचारायचे असे. एकदा सविस्तर लिहून काढावे असे तेव्हाच मनात आले होते. पण बोटे कीबोर्डवर बऱ्यापैकी चालू लागेपर्यंत एप्रिल उजाडला. मी डॉक्टर नाही. गावात महा ई-सेवा केंद्र चालवतो, लोकांचे दाखले आणि अर्ज भरून देतो. त्यामुळे या लेखात शरीराइतकेच कागदांबद्दलही येईल.

२०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला आले. गौरी-विसर्जनानंतर एक-दोन दिवसांत घरातल्या आम्हा तिघांना जुलाब झाले आणि दोन दिवसांत थांबलेही. सणासुदीच्या जेवणानंतर असे होतेच, म्हणून कोणी त्याची आठवणही ठेवली नव्हती. मंगळवार, २४ सप्टेंबरच्या सकाळी माझ्या दोन्ही तळपायांना मुंग्या आल्या. दोन्ही पायांना एकाच वेळी आणि साधारण एकाच उंचीपर्यंत, हे त्यातले विशेष होते. दुसऱ्या दिवशी मुंग्या पोटऱ्यांपर्यंत चढल्या, आणि अंगणातून पडवीत येताना एका पायातली चप्पल मागेच राहिली तरी मला कळले नाही. मात्र त्याच संध्याकाळी न्हाणीत पायावर कढत पाणी पडले, तेव्हा चटका व्यवस्थित बसला. चप्पल कळत नाही आणि चटका कळतो, हे मला फारच विचित्र वाटले. त्याचा उलगडा पुढे झाला, तो पुढेच सांगतो.

गुरुवारी गावातल्या डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शने लिहून दिली आणि बजावले, “उद्या पाय जास्त जड वाटले तर माझ्याकडे येऊ नका, थेट रत्नागिरी गाठा.” शुक्रवारी, २७ तारखेला, पडवीची पायरी चढताना मला खांब धरावा लागला. धाकट्या भावाने रिक्षा बोलावली आणि आम्ही जिल्हा रुग्णालयात गेलो.

तिथल्या फिजिशियन मॅडमनी तपासायच्या आधी जे प्रश्न विचारले, ते मला तेव्हा अगदीच असंबद्ध वाटले. पावसाळ्यात जमिनीवर झोपता का? पापण्या जड झाल्या होत्या का, पोटात दुखले होते का? शेतात किंवा बागेत हल्लीच फवारणी केली का? पाठीवर पडलात का, लघवी तुंबली आहे का? मागच्या महिनाभरात ताप, खोकला, जुलाब? त्याच वेळी त्यांनी रक्तातले पोटॅशियम तातडीने तपासायला पाठवले. हे प्रश्न मेंदूपासून स्नायूपर्यंत जाणाऱ्या वाटेवर बिघाड कुठे आहे याचा माग काढणारे होते, हे कोल्हापूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नंतर खाटेजवळ बसून समजावले. ती वाट एकदा समजली की या आजारातली पुढची प्रत्येक तपासणी आणि प्रत्येक प्रतीक्षा समजते, म्हणून ती येथे थोडी विस्ताराने मांडतो.

आपल्या मज्जासंस्थेचे ढोबळ मानाने दोन भाग आहेत. कवटीतला मेंदू आणि मणक्यांच्या पोकळीतला मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती मज्जासंस्था होते. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ जोड्या मिळून परिघीय मज्जासंस्था होते. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात असे मानले जाते. तरीही पायाचा अंगठा हलवण्याचा हुकूम मेंदूपासून अंगठ्यापर्यंत पोहोचण्यास मुख्यतः दोनच पेशींची साखळी लागते. पहिली पेशी मेंदूच्या पृष्ठभागावर असते. तिचा लांब तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलून मज्जारज्जूत उतरतो. तिथे दुसरी पेशी तो निरोप घेते, आणि तिचा तंतू कमरेपासून थेट पायाच्या स्नायूंपर्यंत जातो. पेशीचे शरीर डोळ्यांना दिसणार नाही इतके लहान, आणि तिचा तंतू मात्र जवळजवळ मीटरभर लांब.

तंतूतून जाणारा संदेश विजेचा असतो, पण घरातल्या तारेतल्या विजेसारखा तो वाहत नाही. तंतूच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. चेतना मिळाली की त्या ठिकाणचे सूक्ष्म दरवाजे उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात आणि क्षणभर आतली बाजू धन होते. लगेच पोटॅशियम बाहेर पडते आणि जागा पूर्ववत होते. सारे एखाद्या मिलिसेकंदात उरकते, आणि तोवर शेजारची जागा चेतलेली असते. म्हणूनच रक्तातले पोटॅशियम फार उतरले तरी माणसाचे हातपाय लुळे पडू शकतात, आणि म्हणूनच मॅडमनी पहिली नळी त्याच तपासणीची भरून घेतली होती. तंतू स्नायूपाशी पोहोचतो तिथे दोघांमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. वीज ती फट ओलांडत नाही. तिथे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते आणि स्नायूला निरोप देते. आमच्याकडे पावसाळ्यात घरात शिरणाऱ्या मण्यारीचे विष याच जागी घाव घालते. त्याचा परिणाम पापण्यांपासून सुरू होऊन खाली उतरतो, आणि झोपेत झालेला दंश कित्येकदा कळतही नाही. काही कीटकनाशके हेच रसायन वेळच्या वेळी नष्ट होऊ देत नाहीत. म्हणून जमिनीवरची झोप आणि फवारणी, हे दोन प्रश्न. पाठीवरचा मार आणि तुंबलेली लघवी हे प्रश्न मज्जारज्जूसाठी होते. जुलाबाचा प्रश्न शेवटी आला, आणि मी “हो” म्हणताच मॅडमनी मान डोलावली.

मग त्यांनी रबरी हातोडा घेतला. गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेवर टकटक केले, पाय हलला नाही. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगितले आणि पुन्हा मारले, तरीही नाही. घोट्यामागे मारले, तिथेही काही नाही. गुडघ्याची उडी मेंदूला न विचारता होते: ताणलेल्या स्नायूची खबर मज्जारज्जूत जाते, तिथे दोन पेशींमधला एकच सांधा ओलांडते आणि हुकूम होऊन परत येते. मेंदू शुद्धीवर, पायांत थोडीफार ताकद शिल्लक आणि उडी मात्र गायब, याचा अर्थ बिघाड जाण्या-येण्याच्या तंतूंत आहे. “जीबीएस असण्याची दाट शक्यता आहे,” मॅडम म्हणाल्या. “आजच्या आज न्यूरोलॉजिस्ट आणि आयसीयू असलेल्या ठिकाणी जा. पायांची काळजी मला नाही, श्वासाची आहे.” हे वाक्य भावाने ऐकले म्हणून बरे, मी एकटा असतो तर सकाळची एसटी पाहिली असती.

जिल्हा रुग्णालयातूनच १०८ ची रुग्णवाहिका मिळाली. तिचे पैसे लागत नाहीत. संदर्भपत्रावर निघण्याच्या वेळचा रक्तदाब, प्राणवायूचे प्रमाण आणि “एका श्वासात किती आकडे मोजता येतात” हे लिहून घ्यावे, अशी माझी आवर्जून सूचना आहे, कारण पुढच्या डॉक्टरांना आजार कोणत्या वेगाने चढतो आहे ते त्यावरून कळते. हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढेपर्यंत अंधार पडला होता आणि धुके इतके दाट होते की गाडी अक्षरशः रांगत होती. रात्री उशिरा आम्ही कोल्हापूरच्या एका खासगी रुग्णालयात पोहोचलो. ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत आहे का, याची चौकशी भावाने वाटेतच १५५३८८ या क्रमांकावर केली होती.

योजनेबद्दल आमच्या केंद्रात नेहमी गैरसमज ऐकतो, म्हणून सांगतो. जुलै २०२४ पासून पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेबरोबरच पांढऱ्या शिधापत्रिकेवरील कुटुंबेही योजनेत आली आहेत, आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाकाठी पाच लाखांपर्यंत आहे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. त्याला शिधापत्रिका, आधार आणि रिपोर्ट दिले की तो प्रकरण पूर्वमान्यतेसाठी पाठवतो. आणीबाणीत दूरध्वनीवरूनही पूर्वमान्यता घेता येते. आमची कागदपत्रे पिशवीत होती आणि दोन्हींवरची नावे तंतोतंत जुळत होती, त्यामुळे नोंदणी पटकन झाली. कोकणात हे सहज घडत नाही. एका कागदावर गावावरून पडलेले आडनाव, दुसऱ्यावर मूळ आडनाव, वडिलांच्या नावात कुठे “राव” तर कुठे नाही, असे प्रकार मी रोज पाहतो. घरातल्या सगळ्यांची नावे निवांत वेळी एकदा ताडून पाहावीत; अतिदक्षता विभागाच्या दारात प्रतिज्ञापत्र करत बसण्याची वेळ येऊ नये.

शनिवारी, २८ सप्टेंबरला, पाठीतले पाणी काढले. या तपासणीचे नाव काढले की लोक घाबरतात. माझ्या आईला तर मी कायमचा पांगळा होईन असेच वाटले. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्याही खाली जाते, त्यामुळे ती रज्जूला टोचण्याचा प्रश्नच येत नाही. कुशीवर वळून गुडघे छातीशी घेऊन पडायचे, जागा बधिर करतात तेव्हा थोडे चुरचुरते, पुढे नुसता दाब जाणवतो. काचेच्या नळीत पडणारे थेंब साध्या पाण्यासारखे नितळ होते. माझ्या रिपोर्टमध्ये पेशी जवळजवळ नव्हत्या आणि प्रथिने मर्यादेपेक्षा थोडी जास्त होती. जंतुसंसर्ग असता तर पेशी वाढल्या असत्या. पहिल्या आठवड्यात प्रथिने वाढलेली नसूही शकतात, त्यामुळे एखाद्याचा रिपोर्ट निर्दोष आला म्हणून आजार नाही असे होत नाही. गिया, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ मध्ये दोन सैनिकांच्या आजारपणावर लिहिले, तेव्हा त्यांनीही हेच नोंदवले होते: हातोड्याला दाद न देणारे पाय, आणि पेशी न वाढता वाढलेली प्रथिने. शंभराहून अधिक वर्षांनी माझे निदान त्याच दोन गोष्टींवर झाले, याचे मला अजून नवल वाटते.

आता चप्पल आणि चटका. जाड तंतूंवर मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचे वेटोळे असते. परिघीय भागात ते श्वान पेशी बनवतात. वेटोळे सलग नसते. मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी अंतरावर त्यात उघडी जागा असते, जिला रान्व्हिएची गाठ म्हणतात. संदेश या गाठीवरून थेट पुढच्या गाठीवर जातो. लावणीच्या दिवसांत चिखलाच्या मळ्यातून जायला आपण चिरे टाकतो आणि एकावरून दुसऱ्यावर उडी घेत पार होतो, तसे ते आहे. चिखल तुडवत जायचे तर किती वेळ लागेल याचा विचार करावा. आवरण असलेल्या जाड तंतूत संदेश सेकंदाला ५० मीटर आणि त्याहूनही अधिक वेगाने जातो, तर आवरण नसलेल्या बारीक तंतूत जेमतेम एक मीटरने. स्पर्श आणि पाय कुठे आहे याची जाणीव जाड आवरणाच्या तंतूंतून येते. कढतपणा आणि वेदना पातळ आवरणाच्या किंवा बिनआवरणाच्या तंतूंतून येतात. माझ्या शरीरातल्या प्रतिकारशक्तीने आवरणावरच हल्ला चढवला होता, म्हणून चप्पल कळत नव्हती आणि चटका कळत होता. जुलाबांना कारण ठरणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जिवाणूंच्या पृष्ठभागावरची काही रेणूरचना मज्जातंतूंवरच्या रेणूंशी मिळतीजुळती असते. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) मग घरच्यांनाच शत्रू समजतात. प्रत्येक जुलाबानंतर असे होत नाही. वर्षाला लाखात एक-दोघांनाच हा आजार होतो, आणि तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

सर्वांत लांब तंतूंवर आवरणही सर्वांत जास्त, त्यामुळे घाव बसायला जागाही तिथेच जास्त. मुंग्या पायांपासून सुरू होऊन वर चढतात त्यामागचे हे एक कारण. माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी हेच सांगतो: दोन्ही बाजूंना सारखे, खालून वर, तासागणिक किंवा दिवसागणिक वाढत जाणारे असेल आणि जोडीला पाय गळत असतील तर थांबू नका. एकाच हाताच्या तीन बोटांना रात्री मुंग्या येणे हे बहुधा मनगटात दबलेल्या नसेचे दुखणे असते. तेही डॉक्टरांना दाखवायचे, पण त्यासाठी रात्री घाट चढण्याची गरज नाही.

औषध होते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी केलेली प्रतिपिंडे. मात्रा वजनावर ठरते, किलोला रोज ०.४ ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस. माझे वजन ६२ किलो, म्हणून रोज सुमारे २५ ग्रॅम. एका बाटलीत ५ ग्रॅम असते आणि आम्हांला ती साडेआठ-नऊ हजारांना पडत होती. छापील किंमत त्याहून बरीच अधिक होती. पूर्वमान्यता येईपर्यंत थांबायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे शनिवारी रात्रीच्या बाटल्या भावाने स्वतः विकत घेतल्या. त्यासाठी वहिनीने गळ्यातले गहाण ठेवले, हे मला दिवाळीनंतर कळले. सोमवारी मान्यता आली आणि उरलेल्या बाटल्या योजनेतून मिळाल्या. मधल्या काळात घेतलेल्या बाटल्यांची जीएसटी पावती, त्यावरचा बॅच क्रमांक आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवल्यामुळे नंतर आरोग्यमित्राकडे लेखी अर्ज करता आला. परतावा मिळायला फेब्रुवारी उजाडला. पावती कच्ची असती तर काहीच करता आले नसते. दुसरा उपाय रक्तद्रव बदलण्याचा, म्हणजे प्लाझ्मा एक्स्चेंजचा. दोन्हींचा गुण सारखाच मानतात, आणि एकानंतर लगेच दुसरा केल्याने जास्त फायदा होत नाही. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे नातेवाईक स्टेरॉइडसाठी हट्ट धरून बसले होते. या आजारात स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना दोनदा समजावले तरी त्यांना पटले नाही.

हे औषध झिजलेले आवरण भरून काढत नाही, नुसता हल्ला आवरते. त्यामुळे बाटल्या चालू असतानाही आजार पुढे सरकत होता, आणि या काळात घरच्यांचा धीर सुटतो. सोमवार, ३० सप्टेंबरला, मज्जातंतूंचा वेग मोजणारी एनसीव्ही तपासणी झाली. तंत्रज्ञ मुलीने मनगट, कोपर, घोटा आणि गुडघ्याजवळ पेनाने खुणा केल्या, अंगठ्याच्या बुडाशी जेल लावून चकती चिकटवली आणि मनगटावर शॉक दिला. अंगठा आपसूक उडाला. मग कोपराजवळ शॉक दिला. अंगठा पुन्हा उडाला, पण मॉनिटरवरची रेघ आधीपेक्षा बसकी आली. तिने शिंप्याच्या टेपने दोन खुणांमधले अंतर मोजले: २३ सेंटिमीटर. दोन्ही वेळांतला फरक ५ मिलिसेकंद, म्हणजे वेग सेकंदाला ४६ मीटर. हाताला तो ५० च्या वर हवा. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५० मध्ये बेडकाच्या मज्जातंतूचा वेग, सेकंदाला सुमारे २७ मीटर, याच वजाबाकीच्या पद्धतीने काढला होता. माझा वेग थोडाच कमी होता, पण दोन गोष्टी अधिक बोलक्या होत्या. कोपराकडून येणारी लाट वाटेत अर्धीअधिक विरत होती. आणि मनगटापासून उलट्या दिशेने मज्जारज्जूपर्यंत जाऊन परतणारी छोटी लाट अजिबात उमटत नव्हती, म्हणजे मणक्यांजवळच्या मुळांशीही अडथळा होता. अशक्तपणा निव्वळ वेग कमी झाल्याने येत नाही, संदेश अर्ध्या वाटेत संपून जातो म्हणून येतो. शॉक चटका लावणारे असतात, पण सोसवतात. त्या दिवशी अंगाला तेल लावू नये, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावे, आणि हात गार पडला असेल तर आधी शेकून घ्यावा, कारण थंड मज्जातंतूत वेग खोटाच कमी दिसतो.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा सर्वांत वाईट गेला. हात खांद्यांच्या वर जाईनात, डाव्या डोळ्याची पापणी मिटेना म्हणून रात्री डोळ्यावर पट्टी लावत आणि थेंब घालत. पाठीत रात्रभर ठणका असे. बोलताना धाप लागे. दर चार तासांनी परिचारिका येऊन म्हणत, “दीर्घ श्वास घ्या आणि मोजा.” रत्नागिरीत मी एका श्वासात तिशीपर्यंत गेलो होतो, घटस्थापनेच्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, सतरावर अडलो. श्वासपटलाचा मज्जातंतू मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीतून निघतो; चढता आजार तिथवर आला की कृत्रिम श्वास द्यावा लागतो, आणि अशी वेळ चारपैकी साधारण एका रुग्णावर येते. यंत्र माझ्या उशाशी आणून ठेवले होते. सतराचे पुढे पंधरा झाले आणि तिथेच थांबले. याच दिवसांत रक्तदाब कधी १८० ला जाई, कधी बसते केल्याबरोबर कोसळे, आणि नाडी उगाच धावे. हृदयाचा ठोका, रक्तवाहिन्यांचा ताण, आतड्यांची हालचाल आणि मूत्राशय यांचा कारभार आपल्या इच्छेविना चालवणारी स्वायत्त मज्जासंस्थाही या हल्ल्यातून सुटत नाही. हातपायांची ताकद टिकून असली तरी रुग्णाला मॉनिटरवर ठेवतात ते याचसाठी, म्हणून “जनरल वॉर्डात हलवा, पैसे वाचतील” असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

डोके मात्र पूर्ण जागे असते. सगळे ऐकू येते, समजते, आणि उशी सरळ करायची तरी दुसऱ्याला सांगावे लागते. या दिवसांत बँकेचा हप्ता आला. खाते माझ्या एकट्याच्या नावावर आणि सही करायला बोटे नाहीत. आजारपणामुळे सही करू न शकणाऱ्या खातेदाराचा अंगठ्याचा ठसा बँकेला दोन साक्षीदारांच्या ओळखीवर घेता येतो, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ही तरतूद मला केंद्रातल्या कामामुळे माहीत होती, म्हणून भावाला शाखेत नेमके काय मागायचे ते सांगता आले. शाखेतल्या लोकांना ती आधी ठाऊक नव्हती, हा भाग वेगळा. खाते संयुक्त असलेले बरे.

दसऱ्यापर्यंत उतरण थांबली. १४ ऑक्टोबरला एनसीव्ही पुन्हा झाली, आणि हाताचा वेग ४६ वरून २९ वर आलेला पाहून आमचे चेहरे पडले. हात तर आधीपेक्षा किंचित बरे होते! डॉक्टरांनी सांगितले की यंत्रावरची अधोगती रुग्णाच्या प्रकृतीच्या काही आठवडे मागे चालते. आधी अडलेले तंतू आता संदेश सोडू लागले आहेत, पण नवे आवरण पातळ असल्याने तो सावकाश जातो. अडण्यापेक्षा सावकाश जाणे चांगले. १९ ऑक्टोबरला, दिवाळीच्या आधी, मला व्हीलचेअरवरून घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर आजाराचे पूर्ण नाव, दिलेल्या औषधाची एकूण मात्रा आणि बाहेर पडतानाची हातापायांची ताकद लिहिलेली आहे ना, हे तिथेच पाहून घ्यावे. पुढे प्रत्येक जण तेच विचारतो.

घरी आल्यावर निराळीच परीक्षा सुरू झाली. वाडीत “वारा गेला” असे झाले होते. कोणी निरगुडीचे तेल आणले, कोणी मालिशवाल्याचा पत्ता दिला, आईने ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाण्याला माझी हरकत नव्हती. जोरकस मालिशला फिजिओथेरपिस्टने साफ मनाई केली, कारण जाणीव नसलेल्या पायाला किती दाब पडतो हे कळत नाही, आणि दमलेला स्नायू दुसऱ्या दिवशी आणखी मागे जातो. ते रत्नागिरीहून दुचाकीवर येत आणि एका वेळचे ४०० रुपये घेत. सुरुवातीला ते माझे सांधे हलवत, मग खाटेच्या कडेला बसवत, मग दोन बाकांमध्ये उभे करत. पाऊल लोंबू नये म्हणून प्लास्टिकचा स्प्लिंट घेतला, त्याचे दीड हजार झाले. सुधारणा नेमकी उलट्या वाटेने आली: आधी चेहरा आणि खांदे, मग मांड्या, मग मनगटे, आणि पावले सर्वांत शेवटी. डिसेंबरात वॉकर धरून पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलो. अंधारात मात्र जमत नसे. पाय कुठे आहे हे डोळ्यांनी पाहावे लागे, आणि वीज गेली की आहे तिथेच थांबावे लागे. विजेरी उशाशी, न्हाणीत दांडा आणि जमिनीवर पायपुसणी नकोत, एवढे आधीच करून ठेवावे.

२७ जानेवारीला एनसीव्ही तिसऱ्यांदा झाली, या वेळी बाह्यरुग्ण म्हणून साडेतीन हजार रुपये भरून. हाताचा वेग ४३ होता. पायाच्या लाटा अजून बसक्या होत्या. नुसते आवरण गेले असेल तर श्वान पेशी ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा घालतात. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. गुडघ्यापासून पाऊल ४० सेंटिमीटरवर धरले तर वर्षाहून अधिक काळ लागेल, असा हिशेब डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवला. तो ऐकून मला उलट हायसे वाटले, कारण तोवर रोज सकाळी बोटे हलतात का ते पाहून मी स्वतःचा दिवस खराब करून घेत होतो.

सध्या गुडघ्यांची उडी परत आली आहे, घोट्यांची नाही. डाव्या पायाची शेवटची तीन बोटे बधिर आहेत. काठी घेऊन बाजारापर्यंत जातो, स्कूटर अजून भाऊ चालवतो. केंद्र सकाळी नऊ ते एक उघडे असते. दुपारनंतर बोटे मंदावतात आणि टंकलेखनात चुका वाढतात, म्हणून सातबारा आणि उत्पन्नाच्या दाखल्यांचे अर्ज सकाळीच भरतो, आणि उरलेले काम पत्नी तिच्या नावाने नव्याने मिळालेल्या लॉगिनवरून करते. पुढची तपासणी सप्टेंबरमध्ये आहे. कोणतीही लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचे, असे त्यांनी डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून दिले आहे.